डबीतली चिंबोरी

रात्री सव्वाअकराला तुझा फोटो आला. क्रीमच्या डबीची मागची बाजू, आणि त्या मुंगीएवढ्या अक्षरांतल्या एका नावाभोवती तू काढलेला लाल गोल. खाली लिहिलंस, "ताई, यात ईडीटीए आहे. फेकून देऊ का?" चांगली महागाची डबी, गं. अर्धीसुद्धा संपलेली दिसत नाही. मी तेव्हा मटकी मोड यायला फडक्यात बांधत होते, म्हणून लगेच उत्तर दिलं नाही, आणि दोन ओळींत सांगण्यासारखं ते नव्हतंही. आता निवांत आहे. चहा घेऊन बस.

आधी एकच सांगते. फेकू नकोस.

खरं सांगू का, तुझी घालमेल मला कळते. साताऱ्याकडची पोर तू. विहिरीच्या, नदीच्या पाण्यावर वाढलेली. लग्न होऊन नायगाव पूर्वेला आलीस, चौदाव्या मजल्यावर नवं घर, खिडकीतून खाडी आणि मिठागरं दिसतात म्हणून पहिल्या दिवशी मला किती कौतुकानं फोटो पाठवले होतेस! आणि मग नळ उघडलास. पहिल्या महिन्यात केस काथ्यासारखे राठ, दुसऱ्या महिन्यात नडग्यांवर पांढरे खवले, आता गालांना चुणचुण. मोबाईल उघडावा तर कुणीतरी डोळे वटारून सांगतंच असतं की तुमच्या क्रीममध्ये विष आहे. मग तू डबीवर संशय घेणार, यात तुझं काय चुकलं? पण बघ, हे चोर सोडून संन्याशाला सुळी देण्यातलं झालं. तू धरलंयस तो घरचा राखणदार.

या राखणदारांना कीलेटिंग एजंट म्हणतात. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला मी हा शब्द भर वर्गात 'चेलेटिंग' असा वाचला होता. मला मनापासून वाटलं होतं की बुवाभोवती चेले जमतात तसे धातूभोवती रेणू जमतात, म्हणून हे नाव! वर्ग खो खो हसला. सर मात्र म्हणाले, "चित्र चुकलेलं नाही, फक्त प्राणी चुकलाय." मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ खेकड्याची नांगी. मॉर्गन आणि ड्रू या दोन रसायनशास्त्रज्ञांनी १९२० साली तो वापरात आणला, कारण हे रेणू धातूच्या कणाला नांग्यांत धरावं तसं दोन्हीकडून धरतात.

तू घाटावरची, तुला नांगीचा हिसका माहीत नाही. मी इथे नवी होते तेव्हा बाजारातून जिवंत चिंबोऱ्या आणल्या. कोळीण मावशीनं नांग्या सुतळीनं करकचून बांधून दिलेल्या. घरी आल्यावर मला दया आली. बिचाऱ्या, किती आवळलंय म्हणून मी एकीची सुतळी सोडली. पुढचा अर्धा तास ती माझ्या ओढणीला लटकलेली, मी ओट्यापाशी नाचतेय, आणि सासूबाई दारात उभ्या राहून पोट धरून हसतायत. एकदा धरलं की सोडत नाही, ही गोष्ट मी त्या दिवशी शिकले. ईडीटीए त्याच जातीचं. फक्त चिंबोरीला नांग्या दोन, आणि हा रेणू धातूला एकदम सहा ठिकाणी पकडतो. लोखंड, तांबं, कॅल्शियम, मॅग्नेशियम, जे हाताला लागेल ते कवेत घेतो आणि गप्प बसवतो.

आता तू विचारशील, क्रीममध्ये लोखंड आणि तांबं कशाला आलं? कुणी मुद्दाम घालत नाही गं. वसई पूर्वेला वालीव, गौराईपाडा, सातिवली या बाजूला गाळ्यांमधून लहान लहान कारखाने आहेत ना, तशा एका क्रीमच्या कारखान्यात मी तीन वर्षं तपासणीच्या टेबलावर होते. तिथे पाणी डीएम, म्हणजे सगळे क्षार काढून टाकलेलं. तरीही धातूचा अंश आत येतोच. मुलतानी मातीतून येतो, वनस्पतींच्या अर्कातून येतो, टाकीतून, पाइपातून येतो. आणि तू आणि मी आंघोळीनंतर ओलं बोट डबीत घालतो ना, तिथूनही. दशलक्षात एखादा कण असेल. पण हा कण फार उपद्व्यापी. तो स्वतः खर्च होत नाही; तेल आणि हवेतला प्राणवायू यांची सोयरीक जुळवून देतो आणि पुढची जुळवायला मोकळा. विहीण नाही, मध्यस्थ. म्हणून एवढासा असूनही अख्खी डबी खवट करू शकतो.

मला तेव्हा 'सगळं नैसर्गिक' हवं होतं. साहेबांना विचारून मी एक छोटी नमुन्याची बॅच केली, बदामतेल घातलेली, आणि त्यातून ईडीटीए गाळलं. मोठ्या अभिमानानं बाटल्यांवर माझ्या अक्षरात चिठ्ठ्या चिकटवल्या. काही आठवड्यांनी कपाट उघडलं तर पांढऱ्याशुभ्र क्रीमला जुन्या वर्तमानपत्राचा रंग, आणि वास कसला, तर दिवाळीत राहून गेलेल्या चकलीचा. शेजारची नेहमीची बॅच जशीच्या तशी. त्या चिठ्ठ्या मी घाईघाईनं नखानं खरवडून काढल्या.

तरी अक्कल आली नाही. घरी साबण करायचं खूळ डोक्यात शिरलं. नारळतेल, एरंडेल, शेंगदाण्याचं उरलेलं तेल, सगळं घालून वड्या पाडल्या, लाल कागदात बांधल्या आणि दिवाळीला सगळ्या नणंदांना वाटल्या. महिन्याभरात वड्यांवर नारिंगी ठिपके उठले. एका नणंदेनं फोन करून विचारलं, "वहिनी, हे केशर घातलंय का?" मी "हो" म्हणाले! केशर कसलं, तेल खवट झालं होतं. बाजारच्या साबणाच्या कागदावर टेट्रासोडियम ईडीटीए किंवा एटिड्रोनिक अॅसिड असं लिहिलेलं असतं, ते अशाच ठिपक्यांना आवर घालायला.

व्हिटॅमिन सीचं सीरम तू घेतलंस आणि ते चहासारखं तपकिरी झालं म्हणून रडलीस, आठवतं? तिथेही हेच. व्हिटॅमिन सी फार हळवं. हवा, उजेड, उष्णता, काहीही त्याला पुरतं, आणि तांब्या-लोखंडाचा लवलेश असेल तर मग विचारूच नकोस. म्हणून चांगल्या सीरममध्ये चिमुकली नांगी घालतात. स्वयंपाकघरातलं उदाहरण देऊ? केळफूल चिरलं की लगेच काळं पडतं, म्हणून आपण ते ताकाच्या पाण्यात टाकतो. ते काळं करणारं एंझाइम तांब्याच्या जोरावर चालतं, आणि आंबट मिळालं की मंदावतं. तेच लिंबाचं. लिंबातलं सायट्रिक अॅसिडसुद्धा कीलेटिंग एजंटच आहे, जरा ढिल्या पकडीचं. चिंचेनं पितळेचे डबे लख्ख होतात, आमसुलाच्या पाण्यानं देवाचा तांब्या उजळतो, तिथेही आंबटपणा आणि ही पकड जोडीनं काम करतात. तुझ्या आजीला हे नाव ठाऊक नव्हतं, काम ठाऊक होतं.

इथे माझी अजून एक फजिती सांगून टाकते, नाहीतर तू तीच करशील. तांब्याच्या भांड्यात ठेवलेलं सगळं चांगलं असतं असं ऐकून मी गुलाबपाण्यात लिंबू पिळून ते रात्रभर तांब्याच्या वाटीत ठेवलं. सकाळी पाणी सुंदर हिरवट निळं! मला वाटलं, वा, औषधी रंग उतरला. दोन दिवस तोंडाला लावलं. तो रंग औषधाचा नव्हता, लिंबानं ओरबाडून काढलेल्या तांब्याचा होता. आणि लिंबू तोंडाला लावून उन्हात गेल्यावर गालावर जो काळा डाग उठला तो जायला कितीतरी महिने गेले. लिंबू चेहऱ्याला लावायचं नाही. कोणी कितीही सांगो. वरणावर पिळ.

खवटपणा झाला, आता बुरशी आणि जंतू. पाणी असलेल्या कुठल्याही क्रीममध्ये काही दिवसांत जीवजंतू राहायला येतात, म्हणून त्यात टिकवणारं द्रव्य घालावं लागतं, फिनॉक्सीइथेनॉल वगैरे. पण काही जंतू चिवट असतात. सुडोमोनास नावाचा एक पाण्यात वाढणारा जंतू आहे, त्याच्याभोवती दुहेरी तटबंदी. बाहेरच्या तटाचे दगड एकमेकांना धरून राहतात ते कॅल्शियम आणि मॅग्नेशियमच्या चुन्यावर. ईडीटीए येतं आणि तो चुनाच उपसून काढतं. तट खिळखिळा झाला की थोडंसं टिकवणारं द्रव्यही आत शिरून काम तमाम करतं. म्हणजे नांगी असेल तर दुसरं औषध कमी घालून भागतं. 'केमिकल-फ्री' म्हणून मिरवणाऱ्या, कसलंही टिकवणारं न घातलेल्या घरगुती कोरफडीच्या जेलपेक्षा मला ही डबी कितीतरी सुरक्षित वाटते. पाणीसुद्धा केमिकलच आहे, बयो.

आणि प्रमाण किती म्हणशील? क्रीममध्ये साधारण ०.०५ ते ०.२ टक्के. तुझी डबी ५० ग्रॅमची. ०.१ टक्का धरला तर अख्ख्या डबीत ५० मिलिग्रॅम. आपण वरणात घालतो ती मिठाची चिमूटही याहून मोठी असते. आपल्याकडच्या २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार डबीवर घटक उतरत्या क्रमानं लिहावे लागतात, आणि एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले घटक शेवटी, कुठल्याही क्रमानं. म्हणून ईडीटीए नेहमी शेपटाकडे सापडतं. धडधाकट कातडीतून ते जवळजवळ आत शिरतच नाही. अमेरिकेत सौंदर्यप्रसाधनांचे घटक तपासणाऱ्या तज्ज्ञ मंडळानं या प्रमाणात ते वापरायला सुरक्षित ठरवलंय. उघड्या जखमेवर मात्र क्रीम थापू नकोस, पण ते तुला सांगायला मी कशाला हवी.

तरी धडधड थांबत नसेल तर एक कर. केस गळतात म्हणून तुला हिमोग्लोबिन तपासायला मी कधीपासून पाठवतेय, अजून गेली नाहीस. गेलीस की नीट बघ, ती मुलगी तुझं रक्त जांभळ्या टोपणाच्या नळीत घेईल. त्या नळीत आतून ईडीटीए लावलेलं असतं. रक्त गोठायला कॅल्शियम लागतं, नांगी ते धरून ठेवते, म्हणून रक्त तपासणीपर्यंत पातळ राहतं. ज्याच्या नावाभोवती तू लाल गोल काढलास, त्याच्याच भरवशावर तुझा रिपोर्ट येणार आहे.

या ईडीटीएचा जन्मच मुळी जड पाण्याच्या वैतागातून झाला. जर्मनीत कापड रंगवताना पाण्यातलं कॅल्शियम रंग बिघडवायचं. त्यावर उपाय शोधताना फर्डिनांड म्युंझ या रसायनशास्त्रज्ञानं १९३५ साली हा रेणू तयार केला. म्हणजे बघ, तुझं दुखणं आणि त्याचं दुखणं एकच होतं.

आता खऱ्या चोराकडे वळू. शाळेत आपण 'दुष्फेन' आणि 'सुफेन' पाणी शिकलो होतो, पाठ केलं आणि विसरलो. दुष्फेन म्हणजे ज्यात साबणाला फेस येत नाही ते. बोअरचं पाणी खडकातून झिरपत येताना कॅल्शियम आणि मॅग्नेशियम सोबत घेऊन येतं. शिवाय आपण खाडीच्या काठाला. समुद्राच्या पाण्याचा जडपणा लिटरला ६,००० मिलिग्रॅमच्या वर असतो, त्याचा थोडासा अंश जरी जमिनीतल्या गोड पाण्यात मिसळला तरी संपलं. मिठागरात मीठ काढून उरलेलं पाणी कडवट लागतं ना, तो कडवटपणा मॅग्नेशियमचा. सूर्या, उसगाव, पेल्हार या धरणांचं पाणी बोअरच्या मानानं मऊ. सूर्याच्या ४०३ दशलक्ष लिटरच्या योजनेत वसई-विरारच्या वाट्याला दिवसाला १८५ दशलक्ष लिटर धरलंय. पण तुझ्या इमारतीच्या टाकीत आज काय आहे, हे टँकरवाल्यालाच विचारावं लागतं.

पिण्याच्या पाण्याचं जे भारतीय मानक आहे, आयएस १०५००, त्यात जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत चांगला मानलाय आणि दुसरी सोयच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतलाय. तुझ्याकडे ४०० आहे असं समजू. बादली १५ लिटरची. म्हणजे एका बादलीत ६,००० मिलिग्रॅम जडपणा. आता तुझ्या डबीतल्या ५० मिलिग्रॅम नांग्या किती धरतील? जेमतेम १३ मिलिग्रॅम. अख्खी डबी बादलीत ओतलीस तरी दोन मोठे चमचे पाणी मऊ होईल! हा हिशेब मी स्वतः खूप उशिरा केला. त्याआधी दोन वर्षं मी 'जड पाण्यावर उपाय' असं लिहिलेली महागडी क्रीमं घेत होते. डबीतली चिंबोरी डबी राखते, बादली नाही. त्यामुळे 'आमच्या क्रीममध्ये कीलेटिंग एजंट आहे, जड पाण्याची चिंता विसरा' असं कुणी म्हणालं तर हसून पुढे जा.

मग कातडीचं नेमकं काय होतं? दुधात लिंबू पिळल्यासारखं. साबण आणि कॅल्शियम भेटले की साबण फुटतो, त्याचा चिकट पांढरा चोथा होतो. बादलीला आतून जो पांढुरका थर बसतो, जो तू नारळाच्या शेंडीनं घासून दमतेस, तोच थर तुझ्या नडग्यांवर आणि केसांवर बसतो. वर साबण नीट धुतला जात नाही, म्हणून आपण अजून साबण लावतो, म्हणजे अजून थर. शेफील्ड विद्यापीठ आणि लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवलं की जड पाण्यानं धुतलं तर साबणातलं फेस आणणारं द्रव्य कातडीवर जास्त चिकटून राहतं आणि तेच कातडीला खातं. पण दुसरी बाजूही ऐक. इंग्लंडमध्येच इसब असलेल्या ३३६ मुलांवर मोठी चाचणी झाली, निकाल २०११ मध्ये आला. घरात पाणी मऊ करणारं यंत्र बसवून १२ आठवडे पाहिलं, तरी त्या मुलांच्या इसबात वेगळा फरक पडला नाही. म्हणजे सगळं खापर पाण्यावर फोडून डॉक्टरला टाळायचं नाही. खवले लाल झाले, चिरा पडल्या, रात्री खाजून झोप गेली, तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जायचंच. आणि केस मुळापासून गळत असतील तर आधी लोह आणि थायरॉइड. पाण्यानं केस राठ होतात, तुटतात. मुळासकट गळण्याचं कारण बहुधा दुसरीकडे असतं.

आता मी काय करते ते सांगते. तुला सगळं करायची गरज नाही, जमेल तेवढं कर.

सगळ्यात आधी साबण. 'ग्रेड १, टीएफएम ७६ टक्के' बघून आपण साबण घेतो, तो चांगलाच असतो, पण शेवटी साबणच, जड पाण्यात फुटणारच. त्याऐवजी सिंडेट बार मिळतो, म्हणजे साबण न घालता केलेली वडी. मागे सोडियम पामेटऐवजी सोडियम कोकॉइल आयसेथिओनेट असं काहीतरी लिहिलेलं असतं. तो जड पाण्यात चोथा करत नाही. महाग असतो, म्हणून मी तो तोंड, काखा, पाय एवढ्यापुरता वापरते. हातापायांना रोज साबण लागतच नाही गं, आपण काय मिठागरात काम करतो? शिकेकाई आणि रिठा जड पाण्यातही चालतात, तेही याच कारणानं, त्यांचा फेस साबणाचा नसतो.

मग शेवटचा तांब्या. आंघोळ कशाही पाण्यानं कर, पण तोंडावर शेवटचा तांब्या मऊ पाण्याचा. तुझ्याकडे आरओ आहे, त्यातलं घे. (त्यातून बाहेर पडणारं वाया जाणारं पाणी नव्हे हं! त्यात क्षार आणखी जास्त. ते मी एकदा काटकसर म्हणून केसांवर ओतलं होतं. पुढचं सांगत नाही.) पावसाळ्यात तर चैनच. माझी आजी पागोळ्यांखाली घंगाळ मांडायची आणि न्हायला ते पाणी वापरायची, केस असे सळसळीत व्हायचे की वेणी ठरायची नाही. चौदाव्या मजल्यावर पागोळ्या कुठून येणार, पण बाल्कनीत स्वच्छ बादली ठेवायला काय हरकत आहे? पहिला पाऊस सोडून दे, त्यात धूळ असते.

अंग टिपलंस की ओलसर असतानाच क्रीम लाव. टॉवेल बाजूला, क्रीम हातात. मधे फोन बघायचा नाही. आणि डबीत बोट घालायचं तर कोरडं, नाहीतर छोटा चमचा ठेव. त्या बिचाऱ्या नांग्यांना बादलीतल्या कॅल्शियमशी लढायला लावू नकोस, मूठभर सैन्य आहे ते.

केसांसाठी 'कीलेटिंग' किंवा 'क्लॅरिफाइंग' असं लिहिलेले शॅम्पू मिळतात. पहिला शब्द आपल्याच नांगीचा. त्यात या द्रव्यांचं प्रमाण जास्त असतं आणि केसांवर बसलेला थर ते सोडवतात. पंधरा-वीस दिवसांतून एकदा पुरे, रोज वापरलास तर केस आणखी कोरडे. पैसे नसतील तर तांब्याभर पाण्यात चमचाभर व्हिनेगर घालून शेवटी ओतलं तरी थोडा थर सुटतो.

काय करू नकोस तेही ऐक. तुरटी फिरवून पाणी मऊ होत नाही, फक्त गाळ खाली बसतो. माझ्या सासूबाईंनी आयुष्यभर फिरवली, मी त्यांच्याशी वाद घातला नाही. उकळून थोडा जडपणा जातो, सगळा नाही. आणि शॉवरला लावायचा तो चमकदार फिल्टर, ज्याची जाहिरात तू मला तीनदा पाठवलीस, तो क्लोरीन कमी करेल, पण मुठीएवढ्या नळीत रोजच्या शेकडो लिटर पाण्यातलं कॅल्शियम मावेल कसं? हिशेब तूच कर, आता येतो तुला. टीडीएस मीटरवरही भिस्त ठेवू नकोस. तो सगळे क्षार मिळून आकडा दाखवतो, साधं मीठसुद्धा त्यात आलं. जडपणा किती ते त्यावरून कळत नाही.

खरा उपाय सोसायटीचा. टाकीवर आयन बदलणारं सॉफ्टनर बसतं, ते कॅल्शियम घेतं, सोडियम देतं, आणि अधूनमधून त्याला मीठ खायला घालावं लागतं. मिठागरांच्या गावात मिठाला काय तोटा! हे एकटीनं होणारं काम नाही. पुढच्या बैठकीत टँकरच्या पाण्याचा प्रयोगशाळेचा रिपोर्ट मागायचा, बाकी काही बोलायचं नाही. पाच बायका मागे बसून एकाच सुरात मागा. आमच्या इमारतीत तसंच झालं.

आता ईडीटीएबद्दल माझी एकच तक्रार, ती लपवत नाही. हे सहजासहजी कुजत नाही. बाथरूममधून वाहून गेलं की पाण्यात तसंच राहतं, युरोपातल्या नद्यांमध्ये ते सापडलंय. आपलं सगळं वाहून कुठे जातं, तर खाडीत. तुझ्या कातडीची चिंता नसली तरी खाडीतल्या खऱ्या चिंबोऱ्यांची मला आहे. म्हणून पुढची डबी घेताना पर्याय मिळाला तर बघ: टेट्रासोडियम ग्लुटामेट डायअॅसिटेट, ट्रायसोडियम ईडीडीएस, सोडियम फायटेट, सोडियम ग्लुकोनेट. जीभ वळत नसेल तर फोटो काढून ठेव. हे कुजतात, आणि पहिली दोन तर पकडीलाही चांगली. सोडियम फायटेट ज्यापासून करतात ते फायटिक अॅसिड भाताच्या कोंड्यात असतं, म्हणजे आपल्या वाड्याच्या कोलमच्या कोंड्यातही. आणि डाळी-कडधान्यांतही. म्हणून तर मटकी भिजवून मोड आणायचे. मोड आले की फायटेट कमी होतं आणि त्यानं धरून ठेवलेलं लोह आपल्या अंगाला लागतं. पोटात जे नको, तेच डबीत हवं. रसायनशास्त्राला चांगलं-वाईट कळत नाही, जागा कळते.

आता तुझ्या फोटोचं उत्तर देऊन टाकते. क्रीम चांगलं आहे, मुदत अजून चौदा महिने आहे, वास आणि रंग बदललेला नसेल तर बिनधास्त वापर. रविवारी मी येतेय. टँकरचं पाणी एका बाटलीत आणि आरओचं एका बाटलीत भरून ठेव, आंघोळीच्या साबणाचा कीस चिमूटभर दोन्हीत घालू आणि हलवून बघू. शॅम्पू नको हं, तो दोन्हीकडे फेसाळतो आणि काहीच कळत नाही. येताना मोडाची मटकी आणते. आणि चिंबोऱ्या आणल्या तर सुतळी मी सोडेन, तू लांब उभी राहा.